एकच बटण दोनदा

भांड्यांच्या जाळीतून एक चमचा आपल्या आपण घसरला आणि ओट्यावर टण् करून पडला.

तोवर घरात इतकी शांतता होती की पंखा चालू असल्याचंही विसरायला झालं होतं. मी दोन्ही हात कीबोर्डच्या वर अधांतरी धरून थांबले. आतल्या खोलीत चादर सळसळली. मुंगीनं कूस बदलली असावी. मग पुन्हा काही नाही. मी श्वास सोडला, स्क्रीनकडे बघितलं, आणि आपण काय शोधत होतो तेच मला आठवेना.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. चालायला लागल्यापासून ती जमिनीवर जे सापडेल ते उचलून कुठेतरी नेऊन ठेवते, म्हणून मुंगी. बालवाडीतून आली, जेवली, की झोपते, आणि ती झोपली की माझं ऑफिस उघडतं. तिची झोप किती टिकेल हे कुणालाच सांगता येत नाही, तिला तर नाहीच. त्यामुळे मी काम करते ते चोरासारखं, पाऊल न वाजवता, एक कान दाराशी ठेवून.

आमची कंपनी पार्सलं निवडणाऱ्या यंत्रांसाठी एक डबा बनवते. पट्ट्यावरून पार्सल सरकत येतं, वरचा कॅमेरा त्याच्यावरचा पत्ता वाचतो, आणि हे डावीकडे जाणार की उजवीकडे ते डबा ठरवतो. डब्यात एक छोटा संगणक असतो, आणि त्याच्या पोटात सगळ्यात आत असतं ते कर्नेल. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या मागे सतत भुणभुण लावतात, मला जरा वेळ दे, मला जरा जागा दे. कर्नेल जागा देतं, काम झालं की ती परत घेतं आणि दुसऱ्याला देतं. आमच्या डब्यातली ही जागा देण्याघेण्याची नवी पद्धत मी लिहिलेली आहे.

सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की मी सैन्यातल्या कुणा कर्नलकडे कारकुनी करते. "मग त्यांना सरळ सांग ना, मूल लहान आहे म्हणून. फौजेतली माणसं कडक असतात, पण समजूतदार असतात," असा सल्लाही त्यांनी मला दिला होता. मी तो गैरसमज लवकर दूर केला नाही. खरं काय ते समजावण्यापेक्षा कर्नल परवडला.

तर झालं होतं असं, की ऑफिसच्या टेस्टिंगच्या खोलीत मांडलेल्या डब्यांपैकी एक डबा मधूनच मरायचा. चालू केल्यावर छान चालायचा. कधी जेवायच्या सुट्टीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. मग एकदम ठप्प. मरताना तो शेवटचे चार शब्द लिहून ठेवतो, कुठे काय बिघडलं त्याचे, आणि ते शब्द दर वेळी वेगळे असायचे. आज नेटवर्कच्या कोडमध्ये मेला. उद्या फाइल उघडताना. एकदा तर नुसतं घड्याळ बघताना. मी नेटवर्कचा कोड वाचला, निर्दोष. फाइलचा वाचला, निर्दोष. घड्याळाचा कोड तर इतका साधा आहे की त्याच्यावर संशय घेताना मलाच लाज वाटली.

जागेचे घोटाळे असेच असतात. एकानं जागा सोडलेली असते, ती दुसऱ्याला मिळते, आणि पहिला मात्र अजून आपलीच समजून तिथे येजा करत राहतो. दुसऱ्याच्या वस्तू तो नकळत इकडच्या तिकडे करतो, आणि शेवटी कोसळतो तो दुसरा, बिचारा. चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी रोज नवा, चोर कुठे आहे पत्ता नाही.

आणि जागा वाटणारी कोण, तर मी. मग सगळ्यांची बोटं कुणाकडे जाणार?

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंना आम्ही पाठीमागे हेडबाई म्हणतो. त्या ओरडत नाहीत, टोपण लावलेलं पेन टेबलावर हळू आपटतात. सोमवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी पेन आपटलं.

"शुक्रवारी सकाळपर्यंत मला कारण हवंय. नाही सापडलं तर तुझा भाग काढायचा आणि जुना परत बसवायचा. ग्राहकाला मी अजून थांबवू शकत नाही."

"जुन्यातही हा बग असला तर?"

"जुन्यात डबा मेला नव्हता." मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. मॅन्युअल लिहायला माणूस हवंच आहे. घरून करता येईल, वेळेचं बंधन नाही. तुझं भलंच आहे त्यात."

मॅन्युअलशी माझं वैर नाही. चांगलं मॅन्युअल लिहिणाऱ्याचे पाय धरावेत अशी माझी भावना आहे. पण आई झाल्यापासून माझं बरंच काही मी सोडून दिलंय. सलग झोप, कपाटाचा खालचा कप्पा, मोरीचं दार आतून लावून घेण्याचा हक्क. हे काम तेवढं उरलं होतं. त्यात शिरलं की मी कुणाची कुणी नसते, आणि बाहेर आलं की मुंगी मला जास्त गोड वाटते. ते गेलं असतं तर काय झालं असतं, हे मी स्वतःलासुद्धा धड सांगू शकत नव्हते. एवढंच कळत होतं की ते जाता कामा नये.

हेडबाई बोलतच होत्या. माझ्या डोक्यात मात्र मुंगीचे रंगानं माखलेले हात होते, ती मघापासून दारात उभी होती. "ठीक आहे ना?" हेडबाईंनी विचारलं.

"हो. आधी हात धुऊन ये," मी म्हणाले.

कॉलवर कुणीतरी माइक बंद केल्याचा आवाज आला. तो हसायला बंद केलेला होता.

मी पहिली गोष्ट केली ती आमच्या धंद्यातली नेहमीची. कर्नेलची एक पहारेकरी आवृत्ती असते. तिच्यात परत आलेल्या प्रत्येक जागेत मुद्दाम कचरा भरून ठेवतात, म्हणजे सोडलेल्या जागेत कुणी पुन्हा हात घातला की तो जागच्या जागी पकडला जातो. ती आवृत्ती त्या डब्यावर चढवायची होती. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो त्याला मी फोन लावला. त्याला आम्ही गोगलगाय म्हणतो. हळू चालतो, हळू बोलतो, आणि पोटात पाय आहेत की नाहीत हे अजून कळलेलं नाही. गेल्या वर्षी मुंगीच्या कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी काही महिने सुट्टीवर होते. माझं काम त्यानंच सांभाळलं, आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

"विष भरून चालव," मी त्याला म्हणाले. त्या कचऱ्याला आम्ही विषच म्हणतो.

"किती?"

"पूर्ण. एक कोपरा सोडू नकोस."

फोन ठेवला तर सासूबाई हातातलं शिवण तसंच धरून माझ्याकडे बघत होत्या.

"कुणाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"जागेला हो, आई. सोडलेल्या जागेला."

"अस्सं." त्यांनी सुईत दोरा ओवला. "आमच्या वेळी सोडलेल्या जागेला नुसतं कुलूप लावायचे."

सासूबाईंनी आयुष्यभर शिलाई केली. त्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात सगळ्या जातीची, सगळ्या रंगांची बटणं आहेत. निवृत्त झाले म्हणतात आणि दिवसभर काहीतरी टाचत बसतात. माझ्या कामाविषयी त्यांचं मत एकच आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोगलगायचा फोन आला. "मॅडम, तुझा डबा शहाण्या बाळासारखा वागतोय. खातोय, पितोय, काही तक्रार नाही."

"मेला नाही?"

"मरायचं नावच काढत नाही."

मी म्हटलं, बरं, पहारा थोडा कमी कर. तरी मेला नाही. पहारा पूर्ण काढला, साधी आवृत्ती चढवली, आणि मी चहाचा कप विसळून येईपर्यंत डबा गार. पुन्हा पहारा लावला, पुन्हा शहाणा. मी कोडमध्ये जागोजाग निरोप छापायला सांगितलं, इथे आलो, इथून गेलो, असे. निरोप आले, डबा जिवंत. निरोप काढले, डबा मेला.

बघायला जावं तर नाही, पाठ फिरवावी तर आहे.

मग मी स्वतःचाच कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. आपलंच जुनं लिहिणं वाचताना दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं होतं. हे मी असं का लिहिलं? काहीतरी विचार केला असेल ना? एका ठिकाणी मला चूक सापडली. आनंदानं ती दुरुस्त केली, आणि मग कळलं की चूक नव्हतीच, मलाच वाचता आलं नव्हतं. दुरुस्ती मागे घेतली. थोड्या वेळानं तीच चूक मला पुन्हा सापडली. मुंगी उठली तेव्हा मी कपाळ टेबलावर टेकवून बसले होते. तिला वाटलं लपाछपी चाललीय. ती पटकन टेबलाखाली जाऊन बसली आणि म्हणाली, "हं, शोध."

आई झाल्यावर बाईचं डोकं चालत नाही, असं एकदा एक आत्या मला हसत हसत म्हणाली होती. तेव्हा मी उलट उत्तर दिलं होतं. आता तिचं म्हणणं मला खरं वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी नवरा आला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. मी त्याला सगळं सांगितलं, कारण दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

"हे तर रोजचंच आहे," तो मोजे काढत म्हणाला. "लोक येतात, म्हणतात घरी काही दिसत नाही. दुकानातल्या खुर्चीवर बसवलं की शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतात."

"मग तू काय करतोस?"

"घरात दिवा कुठला आहे ते विचारतो. डोळा तोच असतो, उजेड वेगळा असतो."

"मला उपदेश नकोय."

"उपदेश कुठे, मी धंदा सांगतोय. तूच विचारलंस." मोजे तिथेच टाकून तो मुंगीचा घोडा झाला.

गुरुवारी मुंगी झोपलीच नाही. मी गोष्ट सांगितली, थोपटलं, डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. तिनं माझी पापणी दोन बोटांनी वर केली आणि आत बघितलं.

"तू आत जागी आहेस," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. माझ्याकडे उरलेली शेवटची दुपार होती ती. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी न बोलता बटणांचा डबा आणून आमच्यामध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "तिला दाखव तरी काय करतेस ते. भिंतीशी भांडण्यापेक्षा बरं."

म्हणून मग आम्ही खेळ मांडला. बुटांचं रिकामं खोकं, ती झाली खोली. शेजारी एक वाटी. मुंगी राखणदार. बाहुल्या आत जाणार, आणि जाताना प्रत्येकीनं वाटीत एक बटण टाकायचं. बाहेर आली की एक बटण काढायचं. वाटी रिकामी झाली म्हणजे आत कुणी नाही, मग राखणदारानं म्हणायचं दिवे बंद, झाकण लावायचं, आणि खोली दुसऱ्या कुणाला तरी द्यायची.

"बटण कशाला? मी आत बघीन ना," मुंगी म्हणाली.

"खूप खोल्या असल्या तर? सगळ्यांच्या आत बघत बसायला राखणदाराला वेळ नसतो. तो फक्त वाटीत बघतो."

तिला ते पटलं. कर्नेल असंच करतं. जागा वापरणारा प्रत्येक जण येताना सांगतो, मी आलो, जाताना सांगतो, मी गेलो. शेवटचा गेला की जागा मोकळी.

मुंगी राखणदार म्हणून फारच कडक निघाली. एका सशाला तिनं निळं बटण टाकू दिलं नाही, ससे पिवळं टाकतात म्हणाली, आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. अस्वल आत गेलं. केस गळलेली एक बाहुली आहे, टकली, तीही आत गेली. वाटीत दोन बटणं होती. मग टकली बाहेर आली. तेवढ्यात माझा फोन वाजला, मी बघितलं, हेडबाईंचा निरोप होता, उद्याच्या कॉलची वेळ. फोन खाली ठेवला तर टकली खोक्याबाहेर पडलेली, आणि वाटीत बटण तसंच. मुंगी दुसरीकडे बघत होती. मी ते बटण उचलून डब्यात टाकलं.

मुंगी वळली, वाटीत डोकावली आणि जोरात ओरडली, "दिवे बंद!" झाकण लावायच्या आधी तिनं लाकडी घोडा खोक्यात कोंबला.

"अगं अगं, आत अस्वल आहे! त्याच्या डोक्यावर घोडा?"

"वाटीत बटण नाही."

"असं कसं नाही? अस्वलाचं असणार ना. तू जास्त काढलंस का?"

"मी नाही!" तिनं टकलीला उचलून माझ्यापुढे धरलं. "मी टकलीचं काढलं. एकच काढलं."

"टकलीचं मी काढलं."

"मी काढलं! तू फोन बघत होतीस तेव्हा!"

"मग मला दिसलं नाही, बाळा. मला वाटलं तुझं राहिलं, म्हणून मी काढलं."

"माझं राहिलं नव्हतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या कामात कुणी हात घातलेला तिला खपत नाही. तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, चुकलं गं माझं, म्हटलं. आणि फिरवता फिरवता माझा हात थांबला.

आम्ही दोघींनीही बरोबरच केलं होतं. खोक्यात मात्र अस्वलाच्या डोक्यावर घोडा बसला होता.

आठवडाभर मी जागा देणारा कोड तपासत होते. पण जागा देणाऱ्यानं काहीच चुकवलं नसेल तर? वाटी रिकामी दिसली, त्यानं दिवे बंद केले. वाटीतून कुणी एकच बटण दोनदा काढलं असेल तर तो बिचारा काय करणार? आणि दुसऱ्याचं बटण काढायला कोण जातं? ज्याला वाटतं की ते काढायचं राहिलं असावं, तोच.

"आई, हिला घ्या जरा," मी म्हणाले.

"आता कर्नल आठवला," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांनी मुंगीला घेतलं.

मी बटण काढण्याच्या जागा शोधत गेले. सगळं सुरळीत पार पडतं तिथलं हिशेबशीर होतं. मग जिथे काम फसतं, तिथल्या वाटा बघितल्या, कारण त्या वाटेनं रोज कुणी जात नाही. कॅमेऱ्याच्या कोडमध्ये ते सापडलं. कॅमेरा सुरू झाला नाही तर त्याच्यासाठी टाकलेलं बटण काढायचं, अशी एक ओळ. बरोबरच होती. पण त्या कोडला बोलावणारा जो कोड आहे, दुसऱ्या फाइलमधला, त्यातही तेच होतं, कॅमेरा सुरू झाला नाही तर बटण काढा. हीही ओळ बरोबर. दोन्हींपैकी कुठलीही एक असती तर डबा वर्षानुवर्षं चालला असता.

पहिल्या ओळीवर माझं नाव होतं. दुसरीवर गोगलगायचं.

मी फोन लावला.

"कॅमेरा फसला तर बटण काढायची ओळ तू का घातलीस?"

बटण कुठून आलं ते त्यानं विचारलं नाही, बरोबर समजला. थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला. "राहिलं होतं ते. तू दवाखान्यात होतीस. म्हटलं तिला कशाला त्रास, आपणच करून टाकू."

"राहिलं नव्हतं. सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी मी पाठवलं होतं."

"कुठे पाठवलं? मला तर नाही..." तो थांबला. "ते तपासणीच्या रांगेत पडून होतं का?"

"मग ते कोडमध्ये कुणी घेतलं?"

गोगलगाय गोगलगायीपेक्षाही हळू आवाजात म्हणाला, "मीच. तू परत आलीस ना, त्या आठवड्यात. रांगेत तुझ्या दोन-तीन दुरुस्त्या होत्या. म्हटलं, हिचं केलेलं वाया जायला नको."

"तू वाचलंस ना घेताना?"

"वाचलं की. बरोबर होतं."

मला हसूही येईना आणि रागही येईना. एका माणसानं माझ्यासाठी दोनदा चांगुलपणा केला होता, आणि त्या दोन चांगुलपणांच्या मध्ये डबा मरत होता.

"मग पहारा लावला की का मरत नाही?" त्यानं विचारलं.

ते माझ्याही आत्ताच ध्यानात येत होतं. "पहारेकरी आवृत्ती हळू उठते. तोवर कॅमेरा जागा झालेला असतो, पहिल्याच हाकेला ओ देतो. साधी आवृत्ती घाईची आहे, तो डोळे चोळत असतानाच विचारते, तयार आहेस का? तो म्हणतो नाही. मग फसलेल्या वाटेनं जायचं, आणि तिथे आपण दोघं उभे, वाटीत हात घालून. जुनी पद्धत सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला देत नव्हती, म्हणून तेव्हा झाकलं गेलं."

"बाकीच्या डब्यांचे कॅमेरे?"

"त्यांचे नवीन असतील. लवकर उठत असतील. याची केबलच काढून ठेव आणि चालू कर, म्हणजे दर वेळी फसेल."

त्यानं केबल काढली. मी फोन कानाला लावून थांबले. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येत होता, "हे कोटाचं बटण आहे, हे सदऱ्याचं, हे कुणाचं ते मलाही आठवत नाही."

"मेला," गोगलगाय म्हणाला. आयुष्यात त्याला इतक्या आनंदानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. "लगेच मेला!"

मग एक ओळ काढायची होती. माझी काढ, मी म्हणाले. माझी काढू, तो म्हणाला. तुझी जागा जास्त बरोबर आहे, मी म्हणाले. तू आधी केलं होतंस, तो म्हणाला. लग्नघरात जेवणाचं पहिलं पान वाढताना चालतं तसं आमचं चाललं. शेवटी माझी काढली. केबल काढलेली तशीच ठेवून त्यानं डबा लावला, आणि डबा फसत राहिला, पुन्हा विचारत राहिला, पण मेला नाही. ऑफिस सुटेपर्यंत मेला नाही. मी ओट्याशी येऊन उभी राहिले. फार मोठं काहीतरी हातात आल्यासारखं वाटायला हवं होतं. आपण कुठली ओळ पुसली, बरोबर असलेली पुसली ना, एवढंच राहून राहून मनात येत होतं.

शुक्रवारी सकाळी डबा जिवंत होता. कॉलवर गोगलगायनं हळूहळू सगळं सांगितलं. हेडबाईंनी पेन आपटलं नाही.

"म्हणजे चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

गोगलगाय म्हणाला, "माझी."

मी म्हणाले, "माझी."

"दोघांची म्हणून लिहू?"

"तसंही नाही," मी म्हणाले. "चूक एकाचीही नव्हती."

त्यांनी कपाळाला हात लावला. "बरं, ते राहू दे. जागेचा भाग तुझाच राहील. आजच ग्राहकाला कळवते." मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्या पुढे बोलल्या, "पण असं फोनवरून केबल काढ, केबल लाव, यापुढे जमणार नाही. पुढच्या डब्यांवर तुझं हेच काम आहे आणि डबे इथे आहेत. सोमवारपासून इथे ये. पूर्ण दिवस. चालेल ना?"

"चालेल," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो शब्द माझाच होता. मला हवं होतं तेच मिळालं होतं, आणि लॅपटॉप मिटल्यावर मी त्याच्यावर हात ठेवून बसून राहिले. आठवडाभर मी त्या कामासाठी मुंगीची झोप चोरत होते. कामाला मी पूर्णच हवी असेल, हा विचार मी एकदाही केला नव्हता.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शिवणातून मान वर केली नाही. "माझ्याजवळ झोपेल ती. मी कुठे जातेय? तुझ्या नवऱ्यालाही मीच झोपवलं, अजून झोपतोच आहे."

"तुम्हाला आवडलेलं नाही ना, आई?"

"मला आवडायचं काय त्यात." मग दोरा दातानं तोडत म्हणाल्या, "तुला आवडलंय ते दिसतंय. रडतेस कशाला मग?"

"रडत नाहीये."

"नाही तर नाही."

मुंगी जमिनीवर बसून बटणं रंगाप्रमाणे लावत होती. मी तिच्याजवळ बसले. सोमवारपासून आई ऑफिसला जाणार, म्हणून सांगितलं. बालवाडीतून आजी आणेल, जेवायला आजी घालेल, गोष्टही आजीच सांगेल, आजीला माझ्यापेक्षा जास्त गोष्टी येतात. आई संध्याकाळी येईल.

"रोज येशील?"

"रोज येईन."

तिनं एक हिरवं बटण निळ्यांच्या रांगेत ठेवून बघितलं, परत उचललं.

"शनिवारी जाणार?"

"शनिवारी नाही. शनिवारी आपण दोघी."

"मग मी आजीजवळ झोपणार आणि तू नसणार."

"हो. पण तू उठशील, मग थोडं खेळशील, आणि मग मी येईन."

ती विचार करत होती. विचार करताना तिची जीभ थोडी बाहेर येते. मला वाटलं ती आता गोष्ट कुठली ते विचारेल, किंवा मी येताना काय आणणार ते. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"आई," ती म्हणाली, "मी स्वप्नात तुझा हात धरला असला, आणि तू तेव्हा ऑफिसात असलीस, तर मी कुणाचा हात धरलेला असेन?"